पाजणीच्या मैदानावरचं सभागृह

आमच्या मोहल्ल्यात अमावस्या म्हणजे सुटीचा दिवस. बाकीचं नागपूर त्या दिवशी नव्या कामाला हात लावत नसे, प्रवासाला निघत नसे. आम्हा कोष्ट्यांच्या घरी मात्र पोरंसोरं महिनाभर अमावस्येची वाट पाहत. त्या दिवशी माग बंद. एरवी पहाटेपासून जी खटखट सुरू व्हायची, या घरातून त्या घरात, भिंतीतून, उशीतून, ती त्या एका दिवशी नसायची आणि तिच्या नसण्यानंच आम्हाला जाग यायची. अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की आज बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणार नाहीत. आज माय पाट्यावर खसखस आणि खोबरं वाटणार. मसाला भाजला जायचा तो जवसाच्या तेलात, आणि त्याचा ठसका गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सायकलरिक्षावाल्यालाही लागायचा. तो तिथूनच ओरडायचा, "मावशी, एक वाटी मलेही ठेवजो!" आणि माय आतून म्हणायची, "तुयासाठीच तं केलं गा, आमी काय, कांदा खातो!" मटणाचा तो काळा रस्सा, वर तरंगणारं तेल आणि ज्वारीची भाकर. आता डॉक्टरनं मला तेल, तिखट, मटण सगळंच बंद केलं आहे. त्याची मला फारशी खंत नाही. त्या रश्श्याच्या वासाबरोबर जी शांतता असायची, मागांची, ती मात्र आता कुठल्याच शांततेत सापडत नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली मागाची, मागची आमची. पण झोपायला जागा पुरायची नाही म्हणून मी आणि धाकटा भाऊ मागाच्या बाजूलाच पथारी टाकायचो. बाबा नऊवारी लुगडी विणायचे. मी रहाटावर कांड्या भरायची. रहाट फिरवायला एक हात आणि धागा धरायला दुसरा, मग अभ्यास कसा करायचा? मी पुस्तक समोर पाटावर उघडं ठेवायची आणि पान संपलं की भावाला सांगायची, "उलट." त्या पठ्ठ्यानं माझी बीएपर्यंतची पानं उलटली. स्वतः मात्र सातवीत शाळा सोडली. आमच्या मोहल्ल्यातली पहिली बीए मी. मुलींमधली नव्हे, सगळ्यांमधली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते मी अडाणी असते तर झालं नसतं.

घरामागं मोकळं मैदान होतं. सकाळी तिथं पाजणी चालायची. लुगड्याचा ताणा, म्हणजे त्याचे उभे धागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी घोड्यांवर ताणून ठेवायचे आणि दोन बाजूंनी दोन माणसं कुंचा खळीत बुडवून तो धागा न् धागा चोपडत जायची. ऊन चढायच्या आत तो वाळवून उचलायचा. खळीचा आंबूस वास कपड्यांना, केसांना लागलेला असायचा. कॉलेजात जाताना मी दोनदा अंग धुवायची. आणि ताणलेल्या ताण्यावरून कोणी पाय टाकून जायचं नाही, हा नियम. कितीही घाई असो, सगळं मैदान फिरून जायचं. कुत्रीसुद्धा खालून जायची.

याच मैदानावर अमावस्येला, जेवणं उरकली की दुपारी गंमत व्हायची. खडी गंमत. उभ्यानं करायची म्हणून खडी. मधात मंडळी उभी राहायची, ढोलकी, डफ आणि तुणतुणं, आणि लोक चहूअंगांनी गोल करून बसायचे. ना पडदा, ना ओटा. मंडळीचे म्होरके गणपतकाका शाहीर, आमच्या पलीकडच्या घरातले. आणि बाईचं काम करायचे माझे बाबा. बाबांची एक गंमत उमरेडपर्यंत माहीत होती. सकू नावाच्या बाईची कोंबडी हरवते आणि ती चारी शेजारणींकडं जाऊन भांडते, एवढीच गोष्ट. पण शेजारणी कोणी नटायच्या नाहीत. चार बाजूंना बसलेले लोक म्हणजेच चार शेजारणी. बाबा एका अंगाला वळून एखाद्या मिशीवाल्याला पकडायचे: "का वं गंगाबाई, माही कोंबडी पाह्यली का? तोंडाले रस्सा लागून राहिला तुया!" तो मिशीवाला म्हणायचा, "मी तं माळकरी बाई हाय वं!" मग बाबा म्हणायचे, "मंग माळेले काहून पीस अडकलं?" की तिकडची बाजू हसून लोळायची. मग दुसरीकडं वळायचे.

हे सगळं मला ऐकून माहीत. आमच्या इथल्या मुली गंमत पाहायला जात नसत. त्यात बोलणं कधी कधी उघडं असायचं, आणि मी तर त्यांची मुलगीच. बायका दूर ओट्यांवर बसून कान द्यायच्या. मी मागच्या खोलीत भांडी घासत ऐकायची. बाबा आमच्या घराकडं तोंड करून बोलायचे तेव्हा शब्द न् शब्द यायचा, मग ते वळायचे आणि आवाज बारीक होत जायचा, पार पलीकडं गेला की नुसतं गुणगुणणं, आणि पुन्हा हळूहळू मोठा होत यायचा. हसूही तसंच फिरत यायचं. माय म्हणायची, "आला पाह्य आवाज इकडं." बाबांचं काम मी असं आवाजानं पाहिलं, वीसेक वर्षं.

आणि मला त्याची लाज वाटायची. लपवण्यात काही अर्थ नाही. कॉलेजात मुलींनी विचारलं, वडील काय करतात, की मी सांगायची, कपड्याचं काम आहे. रामदासपेठेत राहणारी एक मैत्रीण होती, चांगली होती बिचारी; तिच्या घरच्यांबरोबर मी पहिल्यांदा मोठ्या नाट्यगृहात नाटक पाहिलं. तीन घंटा झाल्या. दिवे गेले. मखमलीचा पडदा बाजूला झाला आणि समोर एक खोली उभी, त्यात सोफा, फोन, माणसं ठेवणीतलं मराठी बोलत होती. लोक गप्प बसून पाहत होते. कोणी मधून उत्तर देत नव्हतं, कोणी शेंगा सोलत नव्हतं. मध्यंतरात मैत्रिणीच्या आईनं विचारलं, "तुमच्याकडे पण काही करतात ना, नाचाचं वगैरे?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी म्हणाले, "हो, जुनी माणसं करतात." घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं. बाबा असे, त्या उजेडात, पडद्यामागून येतील तर लोक त्यांना कलाकार म्हणतील. नाच्या म्हणणार नाहीत.

पुढं वर्षभरातच कोणीतरी खबर आणली की वस्त्यांमध्ये कलेसाठी सभागृह बांधायला सरकार मदत देतं. जागा लोकांनी द्यायची, मेहनत लोकांनी करायची, सामान सरकारचं. मोहल्ल्याची बैठक भरली. जागा एकच होती, पाजणीचं मैदान. त्यावर बरीच बाचाबाची झाली. काही म्हणाले, पाजणी कुठं करायची, डोक्यावर? पण तेव्हा माग एकेक करून बंद पडतच होते, पोरं गिरणीत, रेल्वेत, कोणी भाजीच्या गाड्यावर लागत होती, आणि गणपतकाका उभे राहून म्हणाले, "पाजनी गल्लीत करू गा. पन पावसात गंमत बंद, उन्हात गंमत बंद, दिवाळीमागची मंडईची जत्रा आली का दुसऱ्याच्या गावात जाऊन नाचा. आपलं म्हनून एक घर पाह्यजे का नाही गंमतीले?" समिती झाली. अर्ज लिहायचा प्रश्न आला तेव्हा बाबांनी माझ्याकडं न पाहताच सांगितलं, "आमची सुशीला लिवन. बीए हाय ते." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

अर्ज सोळा पानी होता. त्याआधी जागा पाहायला इंजिनियर आले. सकाळची वेळ, पाजणी चालू. साहेब सरळ चालत आले आणि ताण्यावरून पाय टाकणार तोच चारी बाजूंनी लोक ओरडले. बिचारा एका पायावर थबकला. बाबांनी हात धरून त्यांना पूर्ण मैदान फिरवून आणलं. साहेबांनी वही काढली आणि विचारलं, "स्टेज कुठं घ्यायचं?"

"मधात," बाबा म्हणाले.

"मधात म्हणजे?"

बाबांनी पायाच्या अंगठ्यानं मातीत एक गोल ओढला आणि त्यात उभे राहिले. "हे आमी. अन् हे लोक, चारी अंगानं."

"अहो, सर्कस आहे का ही?" साहेब हसले. "लोकांना पाठ दाखवून बोलणार का?"

"पाठ तं कोनाले ना कोनाले दिसनच साहेब. म्हनून तं फिरा लागते."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शिकलेलं माणूस शिकलेल्याकडं पाहतं तसं. "ताई, तुम्ही विचार करून लिहा. अर्जात रकाना आहे. जे लिहाल त्याप्रमाणे नकाशा होईल." म्हणजे नियम नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगीन. मधात लिहिलं असतं तर मधात झालं असतं.

त्या संध्याकाळी मी मागाशेजारी बसून अर्ज भरला. बाबा शेजारी बसून होते, वाचता येत नसलं तरी प्रत्येक पान संपलं की त्यावर फुंकर घालून शाई वाळवत होते. रंगमंचाची रचना, असा रकाना आला. मी लिहिलं: उत्तरेकडील भिंतीलगत, उंच ओटा, पडद्यासह. बाबांनी विचारलं, "मधातलं लिवलं ना?" मी म्हणाले, "सगळं लिहिलं बाबा." मग मोहल्ल्याच्या वतीनं त्यांनी सही केली. सही मीच शिकवली होती त्यांना, लक्ष्मण लिहायला त्यांना बराच वेळ लागायचा. क्ष काढताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

काम करायचं तर दिवस कोणता? रोज माग. सुटी फक्त अमावस्येला. तेव्हा ठरलं की अमावस्येलाच बांधायचं. गवंडी पाचपावलीकडचा होता, तो पायाला हात लावेना. म्हणे, अमावस्येला पाया घातला तर इमारत माणूस मागते. गणपतकाका त्याला म्हणाले, "कायले भेऊन राहिला गा? आमच्या घरी तं पोट्टेही अमावस्येले झाले, धडधाकट हायेत." मायनं त्याला जेवू घातलं. दोन भाकरी आणि तो रस्सा खाल्ल्यावर गवंडी नाक पुसत म्हणाला, "द्या इकडे थापी."

सभागृह असं अमावस्येच्या अमावस्येला वर आलं. महिन्याला दोन हात भिंत. बायका घमेली वाहायच्या, म्हातारे विटा भिजवायचे, आमचा भाऊ रेती चाळायचा. पावसाळ्यात काम बंद. मध्ये सिमेंट मिळेना म्हणून आणखी एक वर्ष गेलं. एकूण पाच दिवाळ्या गेल्या. आणि एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, किंवा आली असेल आणि कोणी बोललं नाही: अमावस्येची दुपार म्हणजे गंमतीची दुपार होती. ती सगळी विटांत गेली. मैदानही खणलेलं. गंमतीला घर बांधता बांधता मोहल्ल्यात गंमत झालीच नाही. दहा वर्षांची पोरं पंधराची झाली, त्यांनी सिनेमाची सवय लावून घेतली. तुणतुणंवाला उमरेडला खाणीत लागला, तो राहिलाच तिकडं.

उत्तरेच्या भिंतीशी ओट्याचे दगड रचायला लागले तेव्हा बाबा घमेलं खाली ठेवून माझ्याजवळ आले. "सुशे, हे भितीपाशी काहून?"

मी म्हणाले, "सरकारी नियम आहे बाबा."

त्यांनी त्या दगडांकडं पाहून मान हलवली. मग बाकीचे विचारायला लागले तर त्यांनाही तेच सांगायला लागले. "सरकारचा नियम हाय गा. पोरीनं वाचला." गणपतकाका एवढंच म्हणाले, "मंग चौथी शेजारीन कुठी बसन रे लक्षुमन?" बाबा म्हणाले, "पाहू." आणि त्यांनी घमेलं उचललं. त्या ओट्याचे निम्मे दगड बाबांनी डोक्यावरून वाहिले आहेत. मी पाहत होते. मला तेव्हा वाटलं, एकदा उजेडात उभे राहिले की त्यांनाच पटेल.

गणपतकाकांना छत पडलेलं पाहायला मिळालं नाही. त्या हिवाळ्यात दम्यानं गेले. शेवटचे आठ दिवस ते खाटेवर बोटांनी ठेका धरायचे, खाटेच्या दांडीवर. बाबा रोज जाऊन बसायचे. त्यांच्या माघारी ढोलकी त्यांच्या पुतण्याकडं गेली. तो बँडमध्ये वाजवायचा, हात चांगला होता, पण गंमतीत ढोलकीवाला नटाबरोबर फिरतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खुर्ची मागायचा.

उद्घाटनाला मोठे पाहुणे ठरले. अमावस्येला यायला ते तयार झाले नाहीत, साहजिक आहे. म्हणून रविवार धरला आणि त्या दिवशी मोहल्ल्यानं माग बंद ठेवले. बाहेर दगडी पाटी बसवली होती, समितीची नावं कोरलेली. त्यात माझ्या नावापुढं बीए. बाबांचं नाव नव्हतं. समितीत शिकलेली माणसं असावीत असं मीच सुचवलं होतं. कार्यक्रम दुपारीच होता, पण खिडक्यांना काळं कापड लावून आत अंधार केला होता, आणि ओट्यावर चार मोठे दिवे भाड्यानं आणून बसवले होते. पाहुण्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या. चिटणीस म्हणून मी पाहुण्यांच्या शेजारी. मागं सतरंज्यांवर मोहल्ला. स्वागतगीत झालं, भाषणं झाली, शहरातल्या एका हौशी मंडळीची एकांकिका झाली, छान झाली. मग माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेल्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे: पारंपरिक लोककला, पंधरा मिनिटं.

पडदा सरकला. बाबा उभे होते, स्वतः विणलेल्या हिरव्या लुगड्यात, डोळ्यांत काजळ. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. आणि ते सुंदर दिसत होते हो. बाई दिसत होते असं नव्हे. ते बाबाच होते, पण खांदा उतरलेला, मान किंचित कलती, हात कंबरेवर असा की आत्ता भांडण होणार हे न बोलता कळावं. इतकी वर्षं मी भांडी घासत होते तेव्हा हे तिथं पन्नास पावलांवर चाललेलं होतं.

त्यांनी आधी चारी दिशांना मुजरा केला. आम्हाला. मग डावीकडं, तिथं पडद्याची दोरी धरून एक पोट्टा उभा होता. मग पाठमोरं होऊन भिंतीला. इथं पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. मग कोंबडी हरवली. समोरच्या शेजारणीशी भांडण छान झालं, पाहुणेही हसले. पण समोरून उत्तर आलं नाही. खुर्चीत बसलेला माणूस उत्तर देत नाही. बाबा क्षणभर थांबले, मग डावीकडं वळले, दोरीवाल्या पोट्ट्याला विचारलं, "का वं, माही कोंबडी?" तो लाजून पडद्यामागं सरकला. मग बाबा मागं वळले.

आता वाटतं, ते टाळू शकले असते. समोरच उभं राहून चारी शेजारणी समोरच आहेत असं करू शकले असते, एकांकिकावाल्यांना तसंच जमलं असतं. पण चाळीस वर्षं जी पावलं पडली होती तीच पडली. ते भिंतीकडं गेले आणि भिंतीला विचारायला लागले. आवाज एकदम मेला. मागून कोणीतरी पोरगा ओरडला, "आवाज!" दुसरा म्हणाला, "भितीनं खाल्ली गा तुही कोंबडी!" आणि सगळं सभागृह हसलं. मोहल्लासुद्धा हसला. बाबांना हसू नवं नव्हतं, हसवणं हेच काम. पण हे हसू त्यांच्या पाठीवर पडलं. ते तसेच उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून, उत्तराची वाट पाहत असल्यासारखे. पुतण्या खुर्चीत बसून ठेका धरतच होता.

पाहुणे माझ्याकडं वाकून म्हणाले, "विसरले वाटतं. कोण आहेत हे?"

मी म्हणाले, "आमच्या मोहल्ल्यातले एक जुने कलाकार आहेत."

आणि मी खाली वाकून चेहऱ्यावर रुमाल धरला, घाम पुसत असल्यासारखा. वर पाहिलं तेव्हा बाबा ओट्याच्या पार कडेला आले होते. कपाळावर आडवा हात धरून ते अंधारात पाहत होते. इकडून तिकडं, हळूहळू, एकेक रांग. मी पुन्हा मान खाली घातली. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. शेवटी दोरीवाल्या पोट्ट्यानं पडदा ओढला. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या. पाहुण्यांनी उठताना सांगितलं की कार्यक्रम नेटका झाला.

ते सभागृह अजून आहे. छत बदललं, ओटा वाढवला, आता तिथं बारसं, साखरपुडा, शाळांची संमेलनं होतात, उन्हाळ्यात मुलींचे नाचाचे वर्ग असतात आणि त्या मुली छान नाचतात. मला दरवर्षी बोलावतात. मी जाते. पाटीवर नाव आहे म्हणून बोलावतात, आणि मी बीए झाले याचा मला आजही अभिमान आहे, तो मी कोणासाठी कमी करणार नाही. गंमत मात्र तिथं त्या दिवसानंतर झाली नाही. बाबांनी पुन्हा लुगडं नेसलं नाही. त्यांना कोणी विचारलं तर सांगायचे, गुडघा दुखतो. त्यानंतर ते अकरा वर्षं होते आणि त्या अकरा वर्षांत रकान्याची गोष्ट त्यांना सांगायला मला सवड झाली नाही. सवड हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तेव्हा मी स्वतःला तसंच सांगत होते.

त्या संध्याकाळी मी पाहुण्यांना पोचवून घरी आले तेव्हा बाबा घराच्या ओट्यावर बसले होते. मायनं वाटीत खोबरेल दिलं होतं, ते बोटानं डोळ्यांना लावून कापडानं काजळ काढत होते. ते निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं. माय आत भात रांधत होती. मी त्यांच्याजवळ बसले. कापड त्यांच्या हातातून घेऊन पुसायला लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सुशे," ते म्हणाले, "तू होती ना वं तिथं?"

"होते बाबा. पहिल्या रांगेत होते."

"आजवर कधी आली नाही तू. आज येनार म्हनून मी ठरवलं होतं का कोंबडी तुह्याचजवळ सापडवीन. समोरून पाह्यलं, कडेले पाह्यलं. मंग हात धरून पाह्यलं. मैदानात मले मान्सामान्साचं तोंड दिसे. आज कोनीच नाही दिसलं. पन तू तं पहिल्या रांगेत होती म्हनते. मंग काहून नाही दिसली?"

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी कापडाचा कोरडा कोपरा शोधला.

"लाइट डोळ्यांवर होता बाबा."

त्यांनी मान हलवली. ओट्याच्या दगडांपाशी हलवली होती तशीच, भांडण नसल्यासारखी.

"हाव," ते म्हणाले. "लाइटच असन."